बिनकॅरियरची सायकल



कांद्याची पहिली पट्टी हाती आली की शेतकऱ्याच्या घरी एक बैठक बसते. तिला आमंत्रण लागत नाही. रात्रीची जेवणे उरकतात, कोणी सुपारी कातरतो, कोणी खाटेवर पाय पसरतो आणि बोलता बोलता पैशाची वाटणी सुरू होते. खताच्या दुकानाचे इतके, सोसायटीचे इतके, मोटारीचे वाइंडिंग करायचे आहे त्याचे इतके. शेवटी शिल्लक राहते ती चिल्लर.

यंदा पिंपळनेरला आमच्या घरच्या बैठकीत एक नवाच विषय निघाला. माझ्या धाकट्या भावाची मुलगी अकरावीत आहे. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "आबा, मला शर्यतीची सायकल घ्यायची आहे. नाशिकला एक आहे, जुनी. पस्तीस हजार सांगतात."

भावाने माझ्याकडे पाहिले, मी भावाकडे. पस्तीस हजार! तेवढ्यात कपाशीच्या बियाण्यापासून फवारणीपर्यंतचा खर्च निघतो. तिने फोनमधले चित्र दाखवले. निळी, बारीक चाकांची, मेंढ्याच्या शिंगासारखे हँडल वळलेली सायकल. मडगार्ड नाही, स्टँड नाही, घंटी नाही. आमच्या आईने चष्मा पुसून ते चित्र निरखले आणि अहिराणीत विचारले, "हिले कॅरियर नही शे?"

सगळे हसले. भाऊ मात्र हसला नाही. त्याचे म्हणणे सरळ होते. जिच्यावर गवताचा भारा येत नाही, दुधाची किटली लागत नाही, दळण जात नाही, ती वस्तू शेतकऱ्याच्या घरात कशाला? वर मोटारीचा खर्च तोंडावर आलेला. मीही मान डोलावली आणि "अंथरूण पाहून पाय पसरावेत" ही म्हण ऐकवून विषय मिटवला. निदान मला तसे वाटले.

पण पोरीची मागणी हवेतली नव्हती, हे तुम्हाला सांगायला हवे. तिला आठवीत शाळेतून साधी लेडीज सायकल मिळाली होती. त्या सायकलीवर ती मळ्यातून रोज पिंपळनेरला जाते. रविवारी पहाटे उठून तीच सायकल शेलबारीच्या चढाला घालते. पुढे आपली सायकल, मागे बापाची फटफटी, असा त्यांचा नेम गेले वर्षभर चालू आहे. शालेय क्रीडा स्पर्धांत सायकलिंग हाही खेळ असतो. क्रीडाशिक्षकांनी तिचे नाव दिले. त्या जड सायकलीवर ती चौथी आली. पुढच्या तिघींकडे शर्यतीच्या सायकली होत्या. परत आल्यावर तिने रडारड केली नाही. कांदा मोजायच्या काट्यावर आपली सायकल चढवली आणि वहीत लिहिले, "१८ किलो." फोनमधली सायकल नऊ-साडेनऊ किलोची होती. म्हणजे दरवेळी चढावर ती साडेआठ-नऊ किलो ओझे फुकट वाहून नेत होती, असे म्हणा ना.

नुसते वजनाचेही नाही. तिने मला दाते मोजून दाखवले. तिच्या सायकलीला पुढे ४४ दाते, मागे १८. एक पायडल पूर्ण फिरवले की सायकल सुमारे ५ मीटर जाते. चढ असो, उतार असो, तेवढीच. त्या शर्यतीच्या सायकलीला पुढे दोन चकत्या, ५० आणि ३४ दात्यांच्या, आणि मागे लहानमोठ्या अनेक. ३४ ला मागची २८ ची चकती जोडली तर एका पायडलात जेमतेम अडीच मीटर जाते, पण पाय हलका पडतो. सपाटीला ५० आणि ११ जोडले तर तेवढ्याच फेऱ्यात साडेनऊ मीटर. जुन्या काळी घाटात भरल्या गाडीला जादा बैलजोडी जुंपत आणि माथ्यावर सोडत, तसेच हे. गिअर म्हणजे बोटाने जुंपायची आणि बोटाने सोडायची बैलजोडी. हे समजल्यावर माझे तोंड थोडे बंद झाले.

खरी कलाटणी मात्र आईने दिली. दोन दिवस ती काही बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी अंगणात फटफटीकडे बोट करून ती भावाला म्हणाली, "पोऱ्याले गाडी ली दिधी, मंग पोरले काबर नही?"

ही फटफटी गेल्या साली पुतण्याला घेतली. हप्त्याने. तेव्हा कोणी विचारले नव्हते की तिच्यावर गवताचा भारा बसतो का. कोणी म्हण ऐकवली नव्हती. मीसुद्धा नाही.

पांझरेच्या काठच्या लोकांना मी काय सांगावे? आपल्याकडे फडाची रीत पूर्वापार आहे. नदीला बंधारा, बंधाऱ्यावरून पाट, पाटाखाली फड, आणि पाणी घ्यायचे ते बारीने. वरच्या अंगाला शेत आहे म्हणून त्याने दोनदा पाणी घ्यावे आणि शेवटाच्या माणसाने कोरडे राहावे, हे फडात चालत नाही. पाणी कमी असले तर सगळ्यांनाच कमी. ही रीत आपण पाण्याला लावली, पण घरातल्या पैशाला लावायची विसरलो. आमच्या घरात थोरल्याची बारी झाली, शेताची दरसाल होते, पोरीची बारी यायची तेव्हा पाट आटलेला असतो. "तिचे पुढे लग्नात करायचेच आहे," असे आपण म्हणतो. पण लग्नाचा खर्च ही आपली हौस आणि आपली अब्रू. ती पोरीची बारी नव्हे.

भावाने त्या रात्री सांगितले, "मोटारीचे वाइंडिंग करू, उरलेल्यात चाळीस हजार हिच्या नावाने बाजूला काढू. पण वस्तू पाहून घ्यायची. बैल घेताना पाहतो तशी."

आता पाहायचे म्हणजे काय पाहायचे? आपल्याला बैलाचे दात, खूर, खांदा समजतो. सायकलीचे मला काही समजत नव्हते. तेव्हा शोध केला, नाशिकच्या एका जुन्या मिस्त्रीशी फोनवर बोललो. तुमच्या घरी असा प्रसंग आला तर उपयोगी पडेल म्हणून ते इथे लिहितो.

जुन्या सायकलीची पहिली परीक्षा चेनची. पोलादी पट्टी घ्यावी आणि चेनच्या एका खिळीपासून मोजावे. बारा पूर्ण कड्या म्हणजे बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. अर्धा सूत वाढल्या असतील तर चेन बदलायला आली. एक सूत वाढल्या असतील तर मागच्या दातेरी चकत्याही झिजल्या समजावे आणि तो खर्च किमतीतून वजा मागावा. दुसरी परीक्षा चाकांची. चाक अधांतरी फिरवून ब्रेकच्या रबराशी डोळा लावावा. रिम डावीउजवीकडे डुलते का ते दिसते. तिसरी परीक्षा सांगाड्याची. जिथे नळ्या जोडल्या आहेत तिथे आणि पुढच्या चिमट्याच्या मुळाशी रंगात बारीक चीर आहे का ते नखाने चाचपावे. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला चीर गेली असेल तर कितीही स्वस्त मिळो, हात जोडावेत. गावच्या वेल्डिंगने ते काम होत नाही.

पुढे टायर. साध्या सायकलीचा टायर रुंद असतो, हा जेमतेम पाऊण ते एक इंच रुंद. त्यात हवा लागते ती ८० ते ९० पौंड. फटफटीला आपण तीसच्या आसपास भरतो, त्यावरून अंदाज करा. हवा कमी राहिली की खड्ड्यात ट्यूब चिमटते आणि पंक्चर होते. शिवाय तिचा व्हॉल्व्ह बारीक असतो, टोकाला इवलीशी चकती. पंक्चरवाल्याचा नळ त्यावर बसत नाही. त्यासाठी पितळेची लहान टोपी मिळते, ती किरकोळ किमतीची आहे, पण ती जवळ नसली तर पस्तीस हजारांची सायकल बाभळीच्या एका काट्याने हातात धरून घरी आणावी लागते. हातपंप, दोन जादा ट्यूब, पुढचामागचा दिवा आणि चांगले हेल्मेट, असा आमचा हिशेब आणखी पाचेक हजारांवर गेला. हेल्मेटविना शर्यतीत उभे करत नाहीत, आणि आपल्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चालतात तिथे तर नकोच.

नवी घ्यावी की जुनी, हाही प्रश्न निघाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा नवीचाही भाव विचारून ठेवावा. पण त्याच पैशात जुनी सायकल बहुधा वरच्या प्रतीची मिळते. वापरणाऱ्याने सांभाळलेली असली म्हणजे झाले.

ही सायकल होती तायवानच्या जायंट कंपनीची, डिफाय नावाची. गिअर जपानच्या शिमानोचे. मधल्या मापाची, म्हणजे तिच्यावर 'एम' लिहिलेले. पोरगी पाच फूट एक इंच. तिने वहीत आधीच लिहून ठेवले होते की या कंपनीचे मधले माप साधारण साडेपाच फुटांच्या पुढच्या माणसासाठी असते. पण सीट खाली घेता येईल, हँडलचा पुढचा तुकडा आखूड बसवता येईल, अशी तिला आशा होती. आणि मी? मी तर तिला धीरच दिला. म्हटले, "वाढत्या अंगाला थोडे मोठेच घ्यावे."

एका शनिवारी आम्ही दोघे एसटीने निघालो. ताहराबाद, सटाणा, देवळा करत नाशिक. नाशिक हे सायकलवाल्यांचे गाव आहे, हे मला तिने वाटेत सांगितले. अमेरिकेत पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची एक शर्यत होते. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ साली दोघांच्या जोडीने ती नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती प्रत्येकी एकट्याने, बारा दिवसांच्या आत पुरी केली. तोवर एकट्याने ती कोणा भारतीयाने पुरी केली नव्हती. मुलींची नावेही तिला पाठ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या इंगळी गावची पूजा दानोळे, जिने खेलो इंडियात सुवर्णपदके मिळवली. संगमनेरची प्रणिता सोमण, जिने डोंगरवाटांच्या सायकल शर्यतीत राष्ट्रीय विजेतेपदे घेतली. मला आपली मुंबई-पुणे शर्यत तेवढी ठाऊक, आणि बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात हे. ती म्हणाली, "आबा, घाटाची राणी का नसावी?" मी म्हटले, "असावी की."

मालक सरळ माणूस निघाला. उंच, किडकिडीत, केस पिकलेले. सायकल त्याने लेकरासारखी ठेवली होती. मिस्त्री आला होता. चेन मोजली, बारा इंच बरोबर. चाके फिरवली, केसभर डुलत नव्हती. सांगाड्याला ओरखडा नाही. मालकाने आपण होऊन दोन हजार कमी केले. मी मनात म्हटले, देवाने योग जुळवून आणला. खिशातल्या पाकिटाकडे हात गेला.

"आधी चालवून पाहते," ती म्हणाली.

गंगापूर रोडला गर्दी नव्हती. सीट अगदी तळाला उतरवून ती निघाली, वळली, परत आली. पुन्हा गेली. मी पाहत होतो. सायकल पाण्यासारखी चालत होती. तिसऱ्या फेरीनंतर ती उतरली, दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभी राहिली. दांडा अंगाला टेकत होता, मधे बोटभरही जागा नव्हती. मग तिने वळलेल्या हँडलचा खालचा भाग धरला आणि बोटे ब्रेककडे नेली. टोके पोचत होती. पकड बसत नव्हती.

तिने मालकाला विचारले, "काका, तुमच्या मुलीला तुम्ही हीच दिली असती का?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही बेटा. हँडल जवळ आणता येईल, पण सांगाडा लहान होत नाही. उतारावर ब्रेक हाताशी नसेल तर मी माझ्या मुलीला दिली नसती."

मी मधे पडलो. "अगं, वर्षभरात उंची वाढेल. थोडे मोठे चालते."

ती म्हणाली, "आबा, सायकल म्हणजे फ्रॉक नव्हे. आपण जोडीला उंच बैल बांधतो का?"

मंडळी, मी चाळीस वर्षे बैल पाहिले. खोंड कितीही देखणा असो, जोडीपेक्षा उंच असला की जू तिरके बसते, बुटक्याचा खांदा सुजतो आणि उंचाची चाल मोडते. असा बैल फुकट मिळाला तरी आपण घेत नाही. एवढे साधे माप मी पोरीच्या वस्तूला लावले नव्हते. दोन हजारांच्या सुटीपुढे माझी अक्कल थांबली होती. शेलबारीच्या उतारावर ती असती आणि समोरून ट्रॉली आली असती तर ते दोन हजार काय कामाचे होते?

आम्ही चहा घेतला, मालकाला नमस्कार केला आणि रिकाम्या हाताने निघालो. त्याने आपल्या ओळखीच्या सायकलवाल्यांत लहान मापाच्या सायकलीची चौकशी करायचे कबूल केले.

परतीच्या गाडीत ती सटाण्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. शेलबारीच्या चढाला एसटीने गिअर बदलला तेव्हा ती खिडकीतून रस्त्याकडे पाहत होती. डोळे भरलेले होते. मी काही बोललो नाही. काही वेळा मोठ्या माणसाने गप्प बसणे हेच बरे.

घरी पोचलो तर भाऊ अंगणात उभा. आमच्या मागे सायकल नाही हे पाहून त्याचा चेहरा पडला. ज्या माणसाने महिन्यापूर्वी गवताचा भारा मधे आणला होता, त्याने दुपारभर खपून ओसरीच्या भिंतीत दोन जाडजूड खुंट्या ठोकल्या होत्या, वर कापड गुंडाळले होते, सायकलीचा रंग जाऊ नये म्हणून. "काय झाले? पैसे कमी पडले का?" त्याने विचारले. तिने सगळे सांगितले. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "बरे केलेस बेटा. जी वस्तू अंगाची नाही ती सोडून येणे सगळ्यांना जमत नाही. मला फटफटी घेताना जमले नव्हते."

त्या चाळीस हजारांचे काय करायचे, यावर पुन्हा बैठक बसली. मोटारीची पाइपलाइनही बदलावी, असा एक विचार पुढे आला. आई म्हणाली, तिची बारी आहे, तिची बारी राहील, पाणी तिच्या बांधावर थांबवा. सोमवारी भाऊ पोस्टात जाऊन ते पैसे तिच्या नावावर ठेवून आला.

या अनुभवावरून मी तीन प्रश्न काढले आहेत. सायकलच नव्हे, शिलाईमशीन असो, फोन असो, मुलीसाठी किंवा मुलासाठी महागाची कोणतीही वस्तू घेताना ते विचारावेत. पहिला, ज्याला हवी आहे त्याने साध्या साधनावर आधी घाम गाळला आहे का? दुसरा, वस्तू त्याच्या मापाची आहे का, की आपण भाव पाहून भुललो? तिसरा, घरात बारी कुणाची आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पोरगी वहीत लिहून बसली होती. तिसरा प्रश्न आमचा होता आणि तोच आम्ही टाळत होतो.

सायकल अजून आलेली नाही. लहान मापाची एक नाशिकला पाहण्यात आहे, एक धुळ्याला असल्याचे कळते. रविवारी पहाटे ती अजून त्याच अठरा किलोच्या सायकलीवर शेलबारी चढते. मागे बापाची फटफटी असते. संध्याकाळी भाऊ शेतातून आला की आधी खुंट्यांकडे पाहतो आणि विचारतो, "आला का गं फोन कुणाचा?"

तुमच्याही घरी कांद्याची, कपाशीची पट्टी येईल. तेव्हा ओट्यावर सगळ्यांना बसवा, चौकटीला टेकून उभी असेल तिलाही आत बोलवा, आणि यंदा बारी कुणाची ते ठरवा.

रामराम.